भावजयीची गर्भपिशवी काढायला सांगितलीय: ऊसफडावरच्या बायांच्या दुखण्याबद्दल जाणत्यांनी बोलावं

बालाघाटकन्या (सप्टेंबर, दुसरा आठवडा)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आई-वडील ऊसतोड कामगार. मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ राहून शिकलो. मी पुढे नोकरीला लागले, भाऊ दहावीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेला. भावजय सत्तावीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. गेल्या हंगामापासून तिच्या अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतं, पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफी करून सांगितलं की पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका. आणि दसऱ्याच्या आत काढा, म्हणजे टोळीबरोबर जाता येईल. पैसे मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) उचलीत, म्हणजे हंगामाआधीच्या आगाऊ रकमेत, धरून द्यायला तयार आहे. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळालीय.

मला हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही, कारण माझ्या आईलाही हेच शब्द ऐकवले होते. सूज आहे, कॅन्सर होईल, लेकरं झालीत ना आता, मग कशाला ठेवता. एकतिसाव्या वर्षी आईची पिशवी काढली आणि सव्वा महिन्यात ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. आज ती एकोणपन्नास वर्षांची आहे. खाली बसली तर हाताला धरून उठवावी लागते. कंबर, गुडघे, टाचा, सगळं दुखतं. रात्री अंगातून वाफा निघतात म्हणते, थंडीतही पांघरूण फेकून देते. हे वयाचं नाही, हे मला कळतंय. पण कशाचं ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. बीडच्या बायका अडाणी म्हणून पिशव्या काढतात, असं पेपरात वाचून बरेच जण म्हणतात. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशाची सरासरी तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होती. इतक्या साऱ्या बायका एकाच जिल्ह्यात, एकाच धंद्यात अडाणी असतात का?

जिच्या घरात हे घडलंय तिने, डॉक्टरांनी, बागायतदारांनी, कारखान्यावरच्यांनी, सगळ्यांनी बोला. मला भावजयीसाठी उत्तर हवंय, आणि हातात फक्त आठ दिवस आहेत.

---

सुईणनात

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच वीस वर्षं सरकारी नोकरीत काढली. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही, पण तुमचे आठ दिवस वाया जाऊ नयेत म्हणून सरळ लिहिते.

पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो, फक्त नवऱ्यालाही कधी कधी तोच औषधांचा कोर्स द्यावा लागतो. तो कुणी दिला का, ते विचारा. सोनोग्राफीत ‘सूज’ लिहिलं की बाई घाबरते. पिशवीच्या तोंडाला सूज असणं आणि कॅन्सर असणं यांत फार मोठं अंतर आहे. पिशवीच्या तोंडाची साधी तपासणी असते, व्हिनेगरसारखं आम्ल लावून बघतात किंवा तिथल्या पेशी घेऊन पॅप तपासणीला पाठवतात. ती झालीय का? रक्तातलं हिमोग्लोबिन किती आहे? थायरॉइड बघितलं का? जास्त रक्तस्राव थांबवायला गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे. सत्तावीसच्या बाईला शस्त्रक्रिया ही अगदी शेवटची पायरी.

आणखी एक. बीड जिल्ह्यात २०१९ च्या त्या सगळ्या प्रकारानंतर खाजगी रुग्णालयाला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. ती घेतलीय का, हे भावाने तोंडावर विचारावं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तिचा हक्क आहे.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांच्या कागदांत बघा, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का. काढली असतील तर एकतिसाव्या वर्षी त्यांची पाळी एका दिवसात कायमची गेली, जी एरवी पंचेचाळीस-पन्नाशीला हळूहळू जाते. अंडाशयं ठेवली असली तरी अशा बायकांत ती लवकर मंदावतात. अंगातून वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं, चिडचिड, झोप उडणं, पुढे हृदयाचे त्रास, हे सगळं त्यातून येतं. हाडांची घनता तपासून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू करा. अठरा वर्षं त्यांना हे कुणीच सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आमच्या पेशाचीच ती चूक आहे.

---

सदाशिव७७

डॉक्टरांचा प्रतिसाद उत्तम. पण एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नये. सरकारी दवाखाना फुकट आहे, तरी या बायका खाजगीत जाऊन वीस-तीस हजार का घालवतात? आणि इतका त्रास होतो तर हे काम सोडून दुसरं का करत नाहीत? शिक्षणाचा आणि जागरूकतेचा भाग यात काहीच नाही का?

---

बालाघाटकन्या

डॉक्टर, तुम्हाला हात जोडून धन्यवाद. आईचे कागद पत्र्याच्या पेटीत आहेत, रविवारी गावी जाऊन काढते. भावाला आताच फोन केला, परवानगीबद्दल विचारायला सांगितलं.

सदाशिवदादा, राग नाही. पण तुम्ही विचारलंत तसा हिशेब मी मांडून दाखवते, मग तुम्हीच सांगा.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, एकट्याला कुणी देत नाही. कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरली तर उत्तम काम झालं म्हणायचं. जानेवारी २०२४ ला दरात ३४ टक्के वाढ झाली, आता टनाला ३६६ रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे दोघांचे मिळून दिवसाचे सव्वासातशे. पहाटे तीन-चारला उठून, रात्री ट्रक कधी येईल तेव्हा भरून. माणशी साडेतीनशेच्या आसपास.

आता खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही तर मजुरी तर बुडतेच, वर मुकादम खाडा लावतो, आमच्या टोळीत दिवसाला पाचशे. बाईला पाळीत चार दिवस झोपून राहावंसं वाटलं, तर महिन्याला चार, हंगामाच्या पाच महिन्यांत वीस दिवस. वीस दिवसांची बुडालेली मजुरी साडेचौदा हजार, खाडा दहा हजार. झाले साडेचोवीस हजार. पिशवी काढायला जेवढे लागतात, जवळपास तेवढेच. एका हंगामात पैसे वसूल, आणि पुढची वीस वर्षं खाडा नाही. माझ्या आईने हा हिशेब कधी कागदावर केला नाही, पण तिच्या बोटांवर तो होता. मुकादमाच्या वहीतही होता. अडाणी बाईला इतका चोख हिशेब येत नाही, दादा.

सरकारी दवाखान्याचं म्हणाल तर तिथे आज तपासणी, परवा सोनोग्राफी, आठ दिवसांनी रिपोर्ट. दसरा त्यासाठी थांबत नाही. आणि फडावर असताना दवाखाना आठ-दहा किलोमीटरवर. तिथे जायचं म्हणजे दिवस बुडाला, खाडा बसला.

काम का सोडत नाहीत? आमच्या बालाघाटात जमीन माळरानाची. ७२ च्या दुष्काळानंतर घरंच्या घरं बाहेर पडायला लागली ती आजतागायत. आजोबा गेले, वडील गेले, आता भाऊ.

---

फडकरी

ताईनं हिशोब बरुबर मांडला. म्या बी कोयत्यावरचा माणूस. मोबाईलवर लिहितो, चुकलं तर समजून घ्या.

पण एक हिशोब ऱ्हायला. अंगावरच्या बाकीचा. लाख रुपये उचल घेतली तर ती फिटायला पावणेतीनशे टन तोडावं लागतंय. रोज दोन टन धरलं तर एकशे छत्तीस दिस. आता कारखाने वाढले, मशीनं आली, हंगाम तीन-साडेतीन महिन्यांत उरकायला लागला. पट्टा पडला, म्हंजी हंगाम संपला, की शंभर दिसाचे भरले त्र्याहत्तर हजार, सत्तावीस हजार अंगावर. त्यात आठवड्याची खर्ची घेतलेली, ती बी त्यातच. ती बाकी पुढच्या सालच्या उचलीत चढती. दर वाढला म्हणून पेपरात येतं, पर दिस कमी झाले ते कोण सांगतंय?

दवाखान्याचं मी सांगतो. मागं बेळगाव जिल्ह्यात व्हतो. संध्याकाळी पाचटात हात घातला अन् घोणस चावली. बायकोनं पदर फाडून बांधला, जे की बांधायचं नसतं हे नंतर कळलं. मुकादमाच्या मोटारसायकलवर मधी बसवून तालुक्याला नेलं. डॉक्टर कानडीत विचारतोय, मला येत नाही. साप पाहिला का, केव्हा चावला, काहीच सांगता येईना. नशीब, लस व्हती. पर किडनीवर आलं, दोन डाव डायलिसिस झालं. वाचलो. बावीस दिसाचा खाडा आणि दवाखान्याचा खर्च मुकादमाच्या वहीत चढला. तो दोन सालं फेडला. मुकादम वाईट माणूस नव्हता, त्यानंच जीव वाचवला. पर वही वहीच असती.

बायकांचं आमच्यापेक्षा वाईट. आमी गाडी भरून पडतो, तिला अजून भाकरी थापायच्या असतात. अंघोळीला आडोसा नसतो म्हणून अंधारातच उरकायची.

---

बालाघाटकन्या

फडकरीदादा, तुम्ही आडोशाचं लिहिलंत म्हणून हे लिहायचं धाडस करते. मी नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीला आईकडे फडावर गेले होते. कोपी म्हणजे चार कमानी काठ्या आणि वर ताडपत्री, आत वाकूनच जायचं. आई साडीवर वडिलांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालायची, उसाच्या पानांची कुसं अंगात घुसतात म्हणून. तरी मानेवर, मनगटावर बारीक रेघांचे ओरखडे असायचे आणि त्यांत घाम चरचरायचा.

पाळीची फडकी ती कोपीच्या मागे वाळत घालायची, पण उघड्यावर नाही. वर एक परकर टाकायची, त्याच्याखाली फडकं. पुरुषांना दिसू नये म्हणून. थंडीत, त्यात दव. परकराखालचं फडकं दोन दिवसांतही वाळत नसे. ओलंच घेऊन ती पहाटे फडात जायची. मी विचारलं, आई, हे ओलं आहे. म्हणाली, अंगाच्या ऊबीनं वाळतं.

डॉक्टर, तिचं दुखणं तिथून सुरू झालं असेल ना?

---

सुईणनात

हो. ओलं फडकं, अपुरं पाणी, दिवसभर लघवी दाबून धरणं, आणि पुरेसं पाणी न पिणं, कारण पाणी प्यायलं की आडोसा शोधावा लागतो. माझ्याकडे हंगामानंतर एप्रिल-मे महिन्यात येणाऱ्या बायकांत लघवीचा जंतुसंसर्ग आणि अंगावरून जाणं ही जोडीच असते. त्यात हिमोग्लोबिन सात-आठ. बाळंतपणानंतर महिन्याभरातच चाळीस-चाळीस किलोची मोळी उचललेल्यांचं अंग बाहेर आलेलं असतं. म्हणून मी म्हणते, पिशवीचा आजार बाईच्या पोटात सुरू होत नाही. तो पाण्याच्या टाकीपासून सुरू होतो.

२०२५ च्या जूनमध्ये आलेल्या बातम्यांत बीडमधल्या ८४३ महिलांनी तोडीला जाण्याआधी गर्भाशय काढल्याची आरोग्य विभागाची नोंद होती. म्हणजे परवानगीचा नियम झाल्यावरही. तपासणी हंगामाच्या आधी आणि नंतर होते, ती ठीकच. पण मधले पाच महिने ती बाई कुणाच्याच नोंदवहीत नसते. गावच्या आशाताईच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ आणि फडाजवळच्या आशाताईच्या यादीत ती नाहीच. गरोदर असली तर लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, सगळं मध्येच तुटतं.

---

वारणाकाठ

मी ऊस लावणारा. वाळव्याकडं साडेतीन एकर. हे सगळं वाचून दोन दिवस गप्प होतो, काय लिहावं कळंना.

आमची बाजू अशी की टोळी येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. नंबर लागला तरी तोड मिळत नाही. एंट्री, खुशाली असे वरचे पैसे द्या, एकराला चार-पाच हजार मोजतो, वाढं (उसाचे शेंडे, चारा) पण त्यांनाच जातं. त्यामुळं आम्ही टोळीकडं बघतो ते ‘हे लुटायला आलेत’ अशाच नजरेनं. मी पण तसाच बघत होतो.

पण ताईंनी परकराखालच्या फडक्याचं लिहिलं ते वाचून माझ्या डोळ्यापुढं माझाच बांध आला. दरसाल टोळी आमच्या विहिरीशेजारी कोप्या घालते. विहिरीवर मोटर आहे, हौद आहे, माझा पत्र्याचा संडास आहे. त्याला कुलूप असतं. गडी घाण करतात म्हणून मीच लावलेलं. आमच्या घरातल्या बायका त्या टोळीतल्या बायकांना चटणी-भाकरी देतात, जुनी लुगडी देतात, पण त्या कुठं जातात हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. माझ्या आईनंसुद्धा.

जास्त बोलत नाही. यंदा कुलूप काढतो.

---

शेतीखातं

मी एका सहकारी कारखान्यात स्लिपबॉय (फडावर तोडीची चिठ्ठी देणारा) म्हणून लागलो आणि शेती खात्यातूनच निवृत्त झालो. कारखान्याचं नाव घेत नाही, पद्धत सगळीकडे सारखीच असल्यानं गरजही नाही.

कारखाना मजुराशी करार करत नाही. करार होतो वाहतूकदाराशी. वाहतूकदार ॲडव्हान्स उचलतो, तो मुकादमाला देतो, मुकादम स्टॅम्पवर अंगठे घेऊन कोयत्यांना वाटतो. तोडणीचं पंधरवड्याचं बिल याच वाटेने उलटं खाली येतं, मुकादमाचं वीस टक्के कमिशन वेगळं. त्यामुळे मालक कोण, असं विचारलं की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. मजुराचं नाव कारखान्याच्या एकाही रजिस्टरला नसतं. बाई तर त्याहून पुढे गेली, तिचं नाव मुकादमाच्या वहीतही नसतं. वहीत नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘१ कोयता’. तिच्या कमाईचा पैसा नवऱ्याच्या हातात पडतो.

गाळप मात्र टनाटनाला मोजलं जातं. कोणत्या प्लॉटचा ऊस, कोणती जात, कोणत्या गाडीने किती वाजता काट्यावर आला, सगळं संगणकात. उसाच्या कांडीचा माग लागतो आणि ती तोडणारीचा लागत नाही, हे मी छत्तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं आणि सही करत राहिलो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं आहे. कारखान्यांकडून टनाला दहा रुपये आणि तेवढीच सरकारची भर, असं त्याचं गणित ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली. ताईंच्या भावाची लेकरं शाळेच्या वयाची असतील तर त्याची चौकशी जरूर करावी. महामंडळाकडे नोंदणी करताना भावजयीचं नाव वेगळं, स्वतःच्या आधार क्रमांकाने लिहून घ्यायला सांगा. ‘पती-पत्नी’ असं एका ओळीत नको. ही छोटी गोष्ट वाटेल, पण नोंद नसली तर पुढे तिला काहीच मागता येत नाही.

---

टोळीवाला

माझे वडील मुकादम. मुकादमाला शिव्या पडतायत म्हणून लिहितो. वडिलांनी एका साली अठरा कोयत्यांना उचल दिली, त्यातले सात कोयते दुसऱ्या मुकादमाकडूनही उचल घेऊन कर्नाटकात निघून गेले. वाहतूकदाराने आमची जमीन लिहून घेतली. वडिलांनी त्या धक्क्यात अंथरूण धरलं. मुकादमही बहुतेक वेळा कोयत्यावरूनच वर आलेला, त्याच गावातला, त्याच जातीतला असतो.

खाडा वडीलही लावायचे. न लावला तर टोळी रिकामी बसते आणि गाडी उभी राहिली की वाहतूकदार आमच्यावर दंड लावतो. वरून खाली सगळ्यांवर खाडाच आहे.

---

बालाघाटकन्या

टोळीवालादादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या मुकादमालाही मी काका म्हणते, लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलीय. पण वरून खाली येणारा खाडा शेवटी ज्या जागी येऊन थांबतो ती जागा म्हणजे बाईचं पोट आहे. तिच्याखाली लावायला कुणी उरलेलं नाही.

---

टाउन्सव्हिलकर

मूळचा कोपरगावचा, सध्या ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये. इथेही चहूकडे ऊसच. आता सगळी तोडणी यंत्राने होते, पण १९३० च्या दशकात हाताने व्हायची. इथल्या इंगहॅमच्या आसपास तेव्हा तोडणाऱ्यांना ताप, कावीळ होऊन माणसं दगावायला लागली. उंदरांच्या मुतातून येणारा रोग, ज्याला आपण लेप्टो म्हणतो. मजुरांची मागणी होती की तोडणीआधी फड पेटवा, म्हणजे उंदीर जातील. मळेवाले आणि गिरणीवाले मात्र फड पेटवायला तयार नव्हते. १९३५ मध्ये त्यासाठी मोठा संप झाला. आजार हा नशिबाचा भाग नसून कामाच्या पद्धतीचा आहे, हे त्या मजुरांना नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं.

मध्य अमेरिकेत तर आणखी भयंकर. निकाराग्वा, एल साल्वादोरमधल्या ऊस तोडणाऱ्या तरुण पोरांच्या किडन्या निकामी होतात, ना मधुमेह ना रक्तदाब. तळपत्या उन्हात, तहान मारून, मजुरीसाठी न थांबता काम, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. तिथल्या काही मळ्यांत आता तीनच गोष्टी सक्तीने करतात: पाणी, सावली, ठरलेल्या वेळी विश्रांती. आपल्याकडे मार्चमधल्या तोडीत भर दुपारी बायका काय पितात? फडकरीदादा, तुमच्या टोळीत कुणाच्या किडनीची तपासणी, साधी रक्तातलं क्रिएटिनिन बघायची, कधी झालीय का?

---

फडकरी

मला साप चावला तवाच झाली. बाकी कुणाची न्हाई. पाणी कॅनॉलचं, न्हाईतर शेतकऱ्याच्या मोटरीचं. कळशी बांधाला ठेवलेली असती, उन्हात ऊन पाणी. फड पेटवून दिला तर आमाला बरं, पाचट जातं, साप जातो, हात झपाझप चालतो. पर राखेनं तोंड काळं, छातीत जळजळ, अन् शेतकऱ्याचं वजन कापत्यात म्हणून तो पेटवू देत न्हाई.

---

कुकडीपट्टा

जुन्नरकडचा. आमच्याकडे बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते. टोळ्यांच्या कोप्या फडाला चिकटून असतात आणि आई-बाप तोडायला गेले की लेकरू झोळीत. वन खातं सांगतं, कोप्या गावाजवळ घाला, उजेड ठेवा. पण बैलं, चारा, पाणी, सगळं फडापाशी लागतं, म्हणून कुणी ऐकत नाही. कारखान्याने गावठाणाजवळ जागा, दिवा आणि नळ दिला तर ऐकतील. इतकंच लिहायचं होतं.

---

बालाघाटकन्या (सप्टेंबरअखेर)

उशीर झाला, माफ करा. इकडे पावसाने काहीच ठेवलं नाही. भावाचं दीड एकर सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं. यंदा जे जाणार नव्हते तेही कोयता घेऊन निघणार, असं दिसतंय.

भावजयीची बातमी चांगली आहे. दवाखान्यात परवानगीबद्दल विचारलं तर आधी आवाज चढला, मग म्हणाले, तुम्हाला नको तर राहू द्या. जिल्हा रुग्णालयात दोन दिवस राहून सगळं केलं. डॉक्टरताई, तुम्ही लिहिलेली तपासणी झाली, कॅन्सरचं काही नाही. हिमोग्लोबिन साडेसात. संसर्गाचा चौदा दिवसांचा कोर्स भावालाही दिला, तो आधी कां-कूं करत होता. रक्तस्रावासाठी गोळ्या आणि लोहाचं औषध सुरू आहे. तारीख रद्द केली.

ती मला म्हणाली, “ताई, पिशवी ऱ्हायली, पर आता पाळी आली की मी काय करू?” मला लगेच उत्तर देता आलं नाही.

मुकादमकाकांकडे मी स्वतः गेले. टोळीवालादादा, तुमचं लिहिणं मनात ठेवूनच गेले. महिन्याला दोन दिवस, बाईच्या नावाने, खाडा लावायचा नाही, एवढंच मागितलं. मजुरी बुडाली तर बुडाली. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. म्हणाले, एकीला दिलं की बारा जणी मागतील. मी म्हटलं, बारा जणींनाच द्या. आधी नाही म्हणाले. शेवटी वही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं, प्रत्येक कोयत्यापुढे बाईचं नाव आणि ‘२ दिवस माफ’. बारा नावं विचारायला त्यांना घरोघर पोरगा पाठवावा लागला, कारण चौघींची नावं त्यांना माहीतच नव्हती. ‘अमक्याची बायको’ एवढंच.

आईचे कागद सापडले. दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत.

---

सुईणनात

ताई, आईंना घेऊन या. कुठे, ते मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते.

---

वारणाकाठ (डिसेंबर)

आमच्याकडं टोळी आली, धारूरची नाही, पाथर्डीची. कुलूप काढलंय. हौदाला दोन तोट्या बसवल्या आणि तीन बाजूंनी पत्रा लावला. पहिले चार दिवस बायका तिकडं फिरकल्याच नाहीत, त्यांना वाटलं पैसे कापतील. आईनं जाऊन सांगितलं तेव्हा आल्या. आता पत्र्याच्या आत दोरी बांधून मागितलीय. उन्हाच्या बाजूला बांधून दिली.

---

बालाघाटकन्या (जानेवारी)

भावजयीचा काल फडावरून फोन आला. हिमोग्लोबिन नऊवर आलंय, गोळ्या चालू आहेत, पाळी आता सहा दिवसांत थांबते. दोन दिवसांची माफी तिने या महिन्यात एकच दिवस घेतली. दुसरा दिवस टोळीतल्या नव्या सुनेला दिला म्हणे, तिची वहीत नोंद नव्हती. मुकादमकाकांनी आधी चालणार नाही म्हटलं, मग चालवून घेतलं.

वारणाकाठदादा, दोरीचं मी तिला वाचून दाखवलं. तिने विचारलंय, ती जागा कुठल्या गावात आहे.